मांडीतला रॉड आणि उच्च ऊर्जेचे क्ष-किरण: इम्प्लांट किरणोत्सारी केव्हा होते, आणि मुद्दाम करायचे असेल तर काय लागते?

आपले प्रश्न दोन आहेत. पहिला घरचा आहे. आपल्या आत्यांच्या मांडीत पूर्वीच स्टीलचा रॉड बसवलेला आहे. सध्या सोलापुरात त्यांना ओटीपोटाच्या भागावर ‘लाईट’ (किरणोपचार) देणे सुरू आहे आणि तो रॉड किरणोत्सारी होऊन नातवंडांना अपाय होईल या भीतीने घरच्यांनी त्यांची खोली, ताटवाटी वेगळी केली आहे. दुसरा प्रश्न आपण वर्गात भौतिकशास्त्र शिकवता त्यातून आला आहे. हृदयातल्या स्टेंटसारखे इम्प्लांट उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांनी मुद्दाम किरणोत्सारी करण्याची पद्धत आपल्या वाचनात आली, आणि मग अणुभट्टीऐवजी रुग्णालयातल्या लिनॅकवरच (किरणोपचाराचे क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रावरच) हे काम का होऊ नये, असे आपण विचारता. किरणोपचार विभागात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करताना पहिला प्रश्न मला अक्कलकोट, मंगळवेढ्यापासून इंडी, आळंदपर्यंतच्या नातेवाइकांकडून मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत ऐकायला मिळतो. दुसरा क्वचितच कोणी विचारतो. दोन्हींची उत्तरे मात्र भौतिकशास्त्रातल्या एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत.

आत्यांचे आधी सांगतो, कारण त्याला उशीर नको. यंत्रातून बाहेरून शेक घेणारा रुग्ण घरी येतो तेव्हा त्याच्यापासून कोणालाही धोका नसतो, अंगात रॉड असो वा नसो. त्यांना नातवंडांत बसू द्या, जेवू द्या, त्यांच्याजवळ झोपू द्या. पुढे त्यांना ‘आतून शेक’ दिला गेला, तरी त्यातला इरिडियमचा स्रोत काही मिनिटांनी तारेसकट यंत्रात परत जातो आणि शरीरात काहीही मागे उरत नाही. हा गैरसमज बहुधा थायरॉइडच्या रुग्णांवरून आलेला असतो. त्यांना आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी औषध पोटातून दिले जाते आणि त्यांना काही दिवस खरोखरच अंतर पाळावे लागते. ती उपचारपद्धती वेगळी आहे.

आता याचे कारण. क्ष-किरण धातूतून गेले की ते मुख्यतः इलेक्ट्रॉनांना धक्के देतात. अणूच्या बाहेरच्या भागात कितीही उलथापालथ झाली तरी तो अणू किरणोत्सारी होत नाही, कारण त्यासाठी अणुकेंद्रकच बदलावे लागते. क्ष-किरणांनी केंद्रक बदलायचे तर फोटॉनाला (किरणांच्या एका कणाला) केंद्रकातला एखादा न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन बाहेर काढावा लागतो आणि त्यासाठी एकाच फोटॉनाजवळ किमान एक ठरावीक ऊर्जा असावी लागते. तिला उंबरठा ऊर्जा म्हणतात. कमी ऊर्जेचे फोटॉन कितीही संख्येने आले तरी त्यांची बेरीज होत नाही. कोमट राखेत कणीस दिवसभर पुरून ठेवले तरी हुरडा भाजला जात नाही, त्याला निखाऱ्याचीच धग लागते, तसेच हे आहे.

जेम्स चॅडविक आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी १९३४ साली थोरियमच्या मालिकेतून मिळणाऱ्या २.६२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एमईव्ही) ऊर्जेच्या गॅमा किरणांनी जड हायड्रोजनचे केंद्रक फोडून दाखवले, तेव्हा या क्रियेचा अभ्यास सुरू झाला. जड हायड्रोजनचा उंबरठा २.२२ एमईव्ही आहे आणि बेरिलियमचा १.६७ एमईव्ही. हे दोन अपवाद सोडले तर उंबरठे बरेच वर आहेत: टॅन्टलम ७.६, सोने ८.१, कोबाल्ट १०.५, लोह-५६ ११.२, टायटॅनियम-४८ ११.६, ऑक्सिजन १५.७ आणि कार्बन १८.७ एमईव्ही. उंबरठा ओलांडला म्हणजे लगेच भरपूर क्रिया घडते असेही नाही. जड केंद्रकांत ही शक्यता साधारण १३ ते १५ एमईव्हीच्या आसपास कळसाला पोहोचते आणि हलक्या केंद्रकांत २० एमईव्हीच्याही पुढे. १९४७ साली बाल्डविन आणि क्लायबर यांनी बीटाट्रॉनवर (इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या यंत्रावर) हा उंचवटा प्रथम स्पष्टपणे पाहिला. तिथेही ही क्रिया घडण्याच्या शक्यतेचे माप जड धातूंत अर्ध्या बार्नच्या आसपासच राहते. एक बार्न म्हणजे १०⁻²⁴ चौरस सेंटिमीटर. आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच लहानशा आकड्यातून निघतात.

साध्या एक्स-रेचे आणि सीटी स्कॅनचे फोटॉन जास्तीत जास्त ०.१ एमईव्हीच्या घरातले असतात आणि कोबाल्ट यंत्राचे १.१७ व १.३३ एमईव्हीचे. उंबरठ्याशी त्यांचा संबंधच येत नाही. लिनॅकवर ‘६ एमव्ही’ लिहिलेले असते त्याचा अर्थ त्या किरणांतला सर्वांत जोमदार फोटॉनही ६ एमईव्हीच्या पुढे जात नाही आणि बहुतेक फोटॉन त्याहून पुष्कळच खाली असतात. म्हणून ६ एमव्हीवर स्टील, टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम, सोने यांपैकी कशातूनही न्यूट्रॉन निघून किरणोत्सारी धातू तयार होत नाही. आपण भौतिकशास्त्राचे असल्यामुळे एक पुरवणी जोडतो. इंडियमसारखी काही केंद्रके न्यूट्रॉन न गमावता नुसती उत्तेजित होऊन काही तास तशी राहू शकतात आणि त्याला इतका उंच उंबरठा लागत नाही, पण हाडांत बसवल्या जाणाऱ्या धातूंच्या बाबतीत तो परिणाम विचारात घेण्याजोगा नाही.

ओटीपोटासारख्या खोल भागासाठी काही ठिकाणी १५ एमव्हीचे किरण वापरतात आणि तिथे मात्र ‘शून्य’ म्हणता येत नाही. स्टीलच्या रॉडमध्ये लोहाखेरीज सुमारे १७ टक्के क्रोमियम, १४ टक्क्यांच्या आसपास निकेल आणि थोडे मॉलिब्डेनम असते. त्यातून निकेल-५७ (अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रके संपायला लागणारा काळ, ३५.६ तास), क्रोमियम-५१ (२७.७ दिवस), लोह-५३ (८.५ मिनिटे) असे किरणोत्सारी समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) तयार होऊ शकतात. टायटॅनियमच्या रॉडमध्ये टायटॅनियम-४५ (सुमारे ३ तास) हा मुख्य, पण त्याचा उंबरठा १३.२ एमईव्ही असल्याने १५ एमव्हीच्या किरणांत तिथवर पोहोचणारे फोटॉन अगदी विरळ असतात.

किती तयार होते याचा ढोबळ हिशेब आपल्याला वर्गातही मांडता येईल. १५ एमव्हीच्या किरणांत १ ग्रे (ऊतींनी शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेमागे दर चौरस सेंटिमीटरला ८ एमईव्हीच्या वरचे फोटॉन १०¹⁰ च्या आसपास धरले, आणि सोन्यासारख्या अनुकूल धातूसाठी सरासरी पाव बार्न घेतले, तर रोजच्या २ ग्रे मात्रेनंतर १ ग्रॅम सोन्यात सोने-१९६ चे १०-२० बेकरेल येतात. म्हणजे सेकंदाला १०-२० केंद्रकांचा ऱ्हास. स्टीलच्या बाबतीत दर ग्रॅमला हा आकडा आणखी खूप कमी येतो. अख्खा रॉड धरला तरी दिवसभर टिकणारे असे काही दशक बेकरेलच जमतात. काही मिनिटांचे अर्धायुष्य असलेले समस्थानिक उपचार संपताक्षणी शेकड्यांत असू शकतात, पण रुग्ण रिक्षा करून घरी पोहोचेपर्यंत ते जवळजवळ संपलेले असतात. याच्या शेजारी एक आकडा ठेवा: प्रत्येक प्रौढ माणसाच्या शरीरात जेवणातून आलेले पोटॅशियम-४० सदैव सुमारे ४,००० बेकरेल असते. आत्यांच्या रॉडपेक्षा त्यांच्या शेजारी बसलेल्या भावाच्या अंगातला किरणोत्सर्ग जास्त आहे.

उपचारकक्षात जी काळजी खरोखर घ्यावी लागते ती रुग्णाची नसून यंत्राची आणि कर्मचाऱ्यांची असते. लिनॅकच्या डोक्यात टंगस्टन, तांबे, शिसे यांवर तेच किरण दिवसभर, फार जवळून आणि फार तीव्रतेने पडतात. तिथून न्यूट्रॉन सुटतात आणि ते पुन्हा धातूंत शोषले जाऊन अ‍ॅल्युमिनिअम-२८ (सव्वादोन मिनिटे), मँगनीज-५६ (२.६ तास), टंगस्टन-१८७ (सुमारे २४ तास) यांसारखे समस्थानिक तयार होतात. म्हणून १० एमव्हीच्या वरच्या यंत्राच्या खोलीला न्यूट्रॉन रोखणारा दरवाजा लागतो. १५ एमव्हीचा उपचार संपल्यावर तंत्रज्ञाने आत जाण्याआधी थोडे थांबावे आणि यंत्राच्या तोंडाशी विनाकारण रेंगाळू नये हा आमच्या विभागातला नियम आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मी तो वारंवार सांगतो, कारण वर्षानुवर्षे रोज तिथे उभे राहायचे आहे ते त्यांना.

आता दुसरा प्रश्न. इम्प्लांट मुद्दाम किरणोत्सारी करायचे कशासाठी? १९९० च्या दशकात स्टेंट बसवल्यावर काही महिन्यांनी रक्तवाहिनी आतून पुन्हा भरून येण्याची अडचण मोठी होती, आणि तिथल्या वाढणाऱ्या पेशींना आतूनच थोडी मात्रा दिली तर ती वाढ थांबेल अशी कल्पना होती. त्यासाठी फॉस्फरस-३२ (अर्धायुष्य १४.३ दिवस, फक्त बीटा किरण) स्टेंटच्या पृष्ठभागात रोवून काही लाख बेकरेल क्रियाशीलतेचे (म्हणजे किरणोत्साराचे) स्टेंट रुग्णांत वापरून पाहिले गेले. दुसऱ्या गटाने सायक्लोट्रॉनवर (प्रभारित कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) स्टेंटचे पोलादच क्रियाशील केले. अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनांनी करणे हा तिसरा मार्ग आणि उच्च ऊर्जेचे क्ष-किरण हा चौथा.

या चौथ्या मार्गाचे आकर्षण खरे आहे आणि ते आपण बरोबर ओळखले आहे. अणुभट्टीतला न्यूट्रॉन भेसळीलाही सोडत नाही. धातूत कणभर कोबाल्ट असला तर ५.२७ वर्षांचा कोबाल्ट-६० होतो, टॅन्टलम असला तर ११५ दिवसांचा टॅन्टलम-१८२ होतो, आणि हे दोघेही दूरवर जाणारे गॅमा किरण सोडतात. सायक्लोट्रॉनचे प्रभारित कण धातूत फार खोल शिरत नाहीत आणि तो भाग तापवतात. क्ष-किरण मात्र संपूर्ण वस्तूतून आरपार जातात, त्यामुळे पूर्ण तयार झालेले, निर्जंतुक करून पाकीटबंद केलेले इम्प्लांट पाकीट न उघडता क्रियाशील करता येते. किरणांची कमाल ऊर्जा १५ एमईव्हीच्या खाली ठेवली तर पाकिटातला कार्बन आणि ऑक्सिजन हे उंबरठ्याखालीच राहतात. नायलॉनमधल्या नायट्रोजनपासून नायट्रोजन-१३ (१० मिनिटे) आणि टेफ्लॉनमधल्या फ्लोरिनपासून फ्लोरिन-१८ (११० मिनिटे) होतो खरा, पण एक दिवस पाकीट बाजूला ठेवले की तेरा अर्धायुष्ये उलटून त्याचा आठ हजारांवा भागही शिल्लक राहत नाही. कमाल ऊर्जा ही इथे शुद्धतेवरचे नियंत्रण असते. ती वाढवत नेली की उत्पादन वाढते, पण प्रोटॉन किंवा दोन न्यूट्रॉन बाहेर पडून नको असलेले समस्थानिकही येऊ लागतात.

धातूची निवडही विचारपूर्वक करावी लागते. सोने सोपे आहे, पण त्यातून होणारे सोने-१९६ (६.२ दिवस) ३३३ आणि ३५६ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण सोडते. ते रुग्णाच्या शरीराबाहेर येतात आणि शेजाऱ्यालाही मात्रा देतात, म्हणून मी ते बाद करीन. ऱ्हेनियम-१८७ पासून होणारे ऱ्हेनियम-१८६ (३.७ दिवस) जवळच्या ऊतींपुरते बीटा किरण देते, पण नैसर्गिक ऱ्हेनियममधल्या ३७ टक्के ऱ्हेनियम-१८५ पासून महिनाभराहून अधिक अर्धायुष्याचे आणि कडक गॅमा सोडणारे ऱ्हेनियम-१८४ तयार होते. त्यासाठी आधी समस्थानिक वेगळे केलेला धातू लागेल. मला सर्वांत योग्य वाटतो तो पॅलेडियम. पॅलेडियम-१०४ पासून मिळणारे पॅलेडियम-१०३ (१७ दिवस) फक्त २० ते २३ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे मवाळ क्ष-किरण देते, जे ऊतींत थोड्या अंतरातच शोषले जातात. प्रोस्टेटमध्ये कायमचे ठेवायच्या ‘बिया’ याच समस्थानिकाच्या असतात. पॅलेडियमचे इतर किरणोत्सारी सोबती बहुतांशी काही तासांचेच असल्याने काही दिवसांत माल जवळजवळ स्वच्छ होतो.

परंतु या सगळ्याची किंमत त्या अर्ध्या बार्नमुळे फार मोठी होते, आणि या पद्धतीचे वर्णन करताना ती अनेकदा सांगितली जात नाही. हिशेब पाहा. १० मिलिग्रॅम ऱ्हेनियममध्ये सुमारे ४ लाख बेकरेल ऱ्हेनियम-१८६ हवे असेल, म्हणजे फॉस्फरसच्या स्टेंटांइतकेच, तर सुमारे २ × १०¹¹ केंद्रके बदलावी लागतात. त्यासाठी योग्य ऊर्जेचे ३ × १०¹⁶ फोटॉन दर चौरस सेंटिमीटरमधून जाऊ द्यावे लागतात. तेवढ्या फोटॉनांची शेजारच्या प्लास्टिकला बसणारी मात्रा दहा लाख ग्रेच्या घरात जाते, आणि किरणांतल्या कमी ऊर्जेच्या, निरुपयोगी फोटॉनांची मात्रा त्यावर आणखी चढते. शस्त्रक्रियेचे साहित्य निर्जंतुक करायला २५ हजार ग्रे लागतात. त्याच्या चाळीस पटींनी मात्रा दिली तर पाकीट किरणोत्सारी होणार नाही हे खरे, पण ते पाकीटही उरणार नाही. टेफ्लॉन तर त्याच्या कितीतरी आधी ठिसूळ होऊन तुटते आणि स्टेंटवर औषधाचा लेप असेल तर त्या रेणूंची मोडतोड होते. म्हणून माझे मत असे आहे की ‘पाकिटातच क्रियाशील करणे’ हा फायदा अगदी कमी क्रियाशीलतेपुरता किंवा पॉलिइमाइडसारख्या किरणांना दाद न देणाऱ्या प्लास्टिकपुरताच खरा आहे. जास्त क्रियाशीलता हवी असेल तर धातूचा भाग आधी क्रियाशील करून मग जोडणी करणे भाग पडते, आणि तसे केले की या मार्गाचे निम्मे आकर्षण जाते.

आत्यांचा दिलासाही याच हिशेबात आहे. लहानशा स्टेंटला उपयोगी पडेल इतकी क्रियाशीलता आणायला दहा लाख ग्रे लागतात आणि त्यांना संपूर्ण उपचारात मिळणार आहेत पन्नासच्या आसपास ग्रे, तेही रोज दोन-दोन करून.

रुग्णालयातल्या लिनॅकचे उत्तर आता आपल्या लक्षात आलेच असेल. उपचाराच्या अंतरावर ते मिनिटाला ६ ग्रे देते असे धरले तर दहा लाख ग्रे व्हायला जवळजवळ चार महिने अहोरात्र यंत्र चालवावे लागेल. त्यातही ३.७ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे आधी तयार झालेले ऱ्हेनियम दर आठवड्याला बहुतांशी नाहीसे होत जाईल आणि हवी ती पातळी कधीच गाठता येणार नाही. या कामाला २० ते ३० एमईव्हीचा, अनेक किलोवॅट शक्तीचा औद्योगिक इलेक्ट्रॉन वेगवर्धक लागतो. टंगस्टन किंवा टॅन्टलमच्या पाण्याने थंड केलेल्या पत्र्यावर इलेक्ट्रॉन आदळवून क्ष-किरण काढतात आणि वस्तू त्या पत्र्याला जवळजवळ चिकटून ठेवतात. शिवाय आपल्याकडे लिनॅकची परवानगी रुग्णांच्या उपचारासाठी असते. किरणोत्सारी द्रव्य तयार करणे, बाळगणे आणि रुग्णात वापरणे यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची वेगळी संमती घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. आमच्याकडे रोज उपचारासाठी ताटकळणारे रुग्ण असताना यंत्राचा एक तासही दुसरीकडे वळवावा असे मला वाटत नाही.

किरणोत्सारी स्टेंट स्वतः मात्र तांत्रिक अडचणींमुळे मागे पडले नाहीत, वैद्यकीय कारणाने पडले. स्टेंटच्या मधल्या भागात पेशींची वाढ खरोखरच थांबली, पण दोन्ही टोकांना, जिथे मात्रा कमी पडत होती आणि स्टेंट बसवतानाच्या फुग्याने वाहिनीला इजाही झालेली होती, तिथे ती उलट वाढली. २००० सालच्या सुमारास मिलानमधल्या डॉक्टरांनी हे टोकांचे अरुंद होणे तपशीलवार मांडले. त्यानंतर २००२-०३ मध्ये सिरोलिमस या औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले आणि किरणोत्सारी स्टेंटांची गरजच संपली. ज्या शास्त्रज्ञांनी त्यावर काम केले त्यांचे कष्ट वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण वाहिनीच्या भिंतीला किती मात्रा सोसते याचे ज्ञान त्यातून मिळाले. याच क्रियेचा आज खरा उपयोग इम्प्लांटपेक्षा औषधांसाठी समस्थानिक बनवण्यात दिसतो: मॉलिब्डेनम-१०० पासून मॉलिब्डेनम-९९, जस्त-६८ पासून तांबे-६७, आणि रेडियम-२२६ पासून रेडियम-२२५, ज्याच्या ऱ्हासातून कर्करोगावर वापरले जाणारे अ‍ॅक्टिनियम-२२५ मिळते. तिथे शेजारी जपायचे प्लास्टिक नसते आणि रसायनशाळेत हवा तो धातू वेगळा काढता येतो, म्हणून तीच पद्धत तिथे अधिक शोभते. विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचा असेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या खुल्या माहितीसंचातून पॅलेडियमच्या प्रत्येक समस्थानिकाचे आकडे घेऊन कमाल ऊर्जा १२ वरून २५ एमईव्हीपर्यंत नेताना शुद्धता कशी बदलते याचा आलेख काढायला सांगा. त्याला यंत्र लागत नाही, परवानगी लागत नाही आणि शिकायला पुष्कळ मिळते.

आत्यांच्या रॉडबद्दल मात्र एक काम आपण या आठवड्यातच करा, आणि त्याचे कारण किरणोत्सार नव्हे. धातूमुळे नियोजनाच्या सीटीत काळे-पांढरे पट्टे येतात आणि संगणक शेजारच्या ऊतींची घनता चुकीची वाचतो. धातूला लागून असलेल्या ऊतींत विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे मात्रा वाढते आणि धातूच्या पलीकडे ती घटते. रॉडचे वरचे टोक किरणांच्या क्षेत्रात येत असेल तर किरणांच्या दिशा बदलून हे बरेचसे टाळता येते, पण त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञाला धातू कोणता आहे हे कळायला हवे. हाडांच्या शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा फाइलला चिकटवलेल्या स्टिकरवर इम्प्लांटचा धातू आणि मोजमाप लिहिलेले असते. ते कार्ड शोधून पुढच्या भेटीत बरोबर न्या, आणि उपचार ६ एमव्हीवर चालू आहे की १५ वर, हेही तिथेच विचारून घ्या.